अख्ख्या पाकळीला वास नसतो

लसणाचा एक अख्खा गड्डा घ्या. न सोललेला, कुठे न चेपलेला, सालीला धक्का न लागलेला. रायपूरच्या गोलबाजारातून सकाळीच आणलेला असला तर उत्तम. नाकाशी धरा. वाळक्या सालीचा वास येईल, थोडा मातीचा येईल, पोत्याचा येईल. ज्याला आपण लसणाचा वास म्हणतो तो जवळजवळ येणारच नाही. आता त्यातली एक पाकळी काढून पाट्यावर ठेवा आणि वरवंट्याने चेचा. क्षणात शेजारच्या खोलीतही कळतं, लसूण चेचला. हा वास पाकळीत दडून बसलेला नव्हता. चेचण्यातून तो तिथल्या तिथे तयार झाला.

लसूण भाजला की गोड का होतो, लोण्यासारखा मऊ का पडतो, एरवी एक पाकळी कच्ची चावली तर डोळ्यांत पाणी येणारा माणूस भाजलेल्या दहा पाकळ्या सहज कसा खातो, या सगळ्याचा उगम या एका गोष्टीत आहे. आणि एअर फ्रायरच्या छोट्याशा टोपलीत वीस-पंचवीस मिनिटांत काय घडतं ते समजून घ्यायचं तर सुरुवातही इथूनच करावी लागते.

पाकळीच्या आत दोन पदार्थ वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेले असतात. एक आहे ॲलिइन. गंधकाचा अंश असलेला, पण वास नसलेला, निरुपद्रवी पदार्थ. दुसरं ॲलिनेज नावाचं विकर. हे प्रथिन आहे, आणि थोडंथोडकं नाही. पाकळीतल्या एकूण प्रथिनांचा साधारण दहावा हिस्सा एवढंच एक विकर व्यापून असतं. शांत, अख्ख्या पाकळीत या दोघांची गाठ पडत नाही. सुरी लागली, दात लागला, जमिनीखाली एखाद्या किड्याने कुरतडलं, की कप्पे फुटतात, दोघं एकत्र येतात आणि काही सेकंदांत ॲलिसिन तयार होतं. तोच तो झणका. वनस्पतीला पळता येत नाही, ओरडता येत नाही. जिथे घाव बसला नेमकं तिथेच, घाव बसल्या क्षणी, घालणाऱ्याच्या तोंडात आग पेटवणारा पदार्थ तयार करणं हे तिचं उत्तर. आपण ते उत्तर फोडणीत टाकतो.

हे कोडं उलगडलं कसं, तीही हकिकत सुरेख आहे. 1944 साली अमेरिकेत चेस्टर कॅव्हलिटो आणि जॉन बेली या रसायनशास्त्रज्ञांनी चेचलेल्या लसणातून ॲलिसिन वेगळं काढलं आणि ते जंतूंना मारतं हेही दाखवलं. पण हे ॲलिसिन लसणात आधीपासून असतं की नंतर होतं? त्यांनी पाकळ्या कोरड्या बर्फात गोठवल्या, गोठलेल्या असतानाच त्यांची पूड केली आणि ती ॲसिटोनने धुतली. त्या पांढऱ्या पुडीला वास जवळजवळ नव्हताच. तिच्यात थोडंसं पाणी टाकलं, आणि लसणाचा वास उठला! मग त्यांनी पुडीचा काही भाग थोड्या अल्कोहोलमध्ये तापवला. आता पाणी टाकूनही काही होईना. या तापवून निपचित झालेल्या पुडीत चिमूटभर न तापवलेली पूड मिसळली, तर ॲलिसिन पुन्हा तयार होऊ लागलं. म्हणजे कच्चा माल जागेवरच होता. उष्णतेने मेलं होतं ते त्याला बदलणारं विकर. पुढे स्वित्झर्लंडमध्ये बाझलच्या सँडोझ कंपनीत आर्थर श्टोल आणि एवाल्ड झेबेक यांनी तो कच्चा माल, म्हणजे ॲलिइन, शोधून काढला आणि साखळी पूर्ण झाली.

कच्च्या लसणाचं तिखटपण चवीत मोडतच नाही, ते वेदनेत मोडतं. जिभेवरच्या आणि ओठांवरच्या वेदना जाणणाऱ्या नसांवर एक विशिष्ट ग्राहक असतो. मोहरीचा झणका नाकात चढतो तोही त्याच दारातून. ॲलिसिन हे दार उघडतं, हे 2005 साली दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं. त्यांतला एक गट डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेचा होता, दुसरा आर्डेम पॅटापुटियन यांच्या. स्पर्श आणि तापमान शरीराला कसं कळतं या शोधासाठी 2021 चं नोबेल या दोघांनाच मिळून मिळालं. ठेच्यातल्या लसणाने डोळ्यांत पाणी येतं, तेव्हा आपल्या नसा अगदी चोख काम करत असतात.

आता गोष्ट उलटी करून पाहा. चेचायच्या आधीच उष्णता आत पोचली तर?

विकर हे प्रथिन. साठ अंशांच्या वर ते विस्कटू लागतं आणि त्याचं काम थांबतं. 2001 साली अमेरिकेत सॉंग आणि मिल्नर या संशोधकांनी दाखवलं की मायक्रोवेव्हमध्ये फक्त एक मिनिट ठेवलेल्या लसणातलं ॲलिनेज निकामी होतं. तोच लसूण आधी चेचून दहा मिनिटं तसाच ठेवला आणि मग तापवला, तर त्याचे गुण बऱ्याच अंशी टिकतात, कारण तोवर ॲलिसिन तयार होऊन चुकलेलं असतं. क्रम बदलला की पदार्थ बदलतो. आधी चेचून मग तापवलेला लसूण फोडणीचा. आधी तापवून मग चेचलेला लसूण भाकरीवर पसरायचा. एकाच गड्ड्यातले दोन जिन्नस, फरक फक्त आधी काय आणि नंतर काय एवढाच.

भाजताना आत एक शर्यतही चाललेली असते. उष्णतेने विकर मरतं, पण त्याच सुमारास पेशींचे पडदेही ढिले पडतात, म्हणून मरता मरता विकर थोड्याशा ॲलिइनला गाठतंच. भाजलेल्या लसणात लसूणपण उरतं, तो निव्वळ गोड गोळा होत नाही, यात या ओझरत्या भेटीचा मोठा वाटा आहे. म्हणूनच भाजण्याआधी गड्ड्याचं टोक कापायचं असेल तर अगदी पातळ कापावं आणि लगेच आत ठेवावं. कापलेल्या जागी झणका तयार होतोच. मी स्वतः टोक न कापता भाजण्याच्या बाजूचा आहे. नंतर पाकळ्या बुडाकडून दाबून बाहेर काढायला थोडा वेळ लागतो, तो लागू द्यावा.

एअर फ्रायरचं नाव तळण्याचं, पण त्यात तळलं काहीच जात नाही. वर तापणारी तार, तिच्यावर पंखा, खाली जाळीची टोपली. फ्रेड व्हान डेर वेय या डच संशोधकाने या लहान पेटीची जुळणी केली आणि 2010 साली फिलिप्सने ती बाजारात आणली. पंखा लावलेली भट्टी त्याआधीची. 1940 च्या दशकात विल्यम मॅक्सन या अमेरिकी संशोधकाने विमानातलं गोठवलेलं जेवण गरम करायला अशी भट्टी बनवली होती. म्हणजे कल्पना जुनी आहे. नवं आहे ते तिचं आकारमान: चार लिटरच्या आसपासची जागा, दीड किलोवॅटच्या आसपासची वीज आणि जोराचा वारा.

वाऱ्याने एवढा फरक का पडतो, हे रायपूरकराला वेगळं सांगायला नको. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसवर असताना आडोशाला उभं राहणं एक आणि रस्त्यावर लू अंगावर घेणं दुसरं. हवा तीच, तापमान तेच, पण वाहती हवा भाजते. कुठल्याही वस्तूभोवती हवेचा एक पातळ, मंद थर चिकटून असतो आणि तोच तिला बाहेरच्या उष्णतेपासून थोडाफार वाचवतो. वारा हा थर खरवडून नेतो. पंखा नसलेल्या भट्टीत 180 अंशांची हवा लसणाभोवती जवळजवळ उभी असते. एअर फ्रायरमध्ये ती सतत नवी येऊन आदळते. म्हणून मोठ्या भट्टीत पाऊण तास घेणारा गड्डा इथे वीस-पंचवीस मिनिटांत होतो.

पण याच वाऱ्याचं एक दुखणं आहे. तो कोरडं करतो. उघडा गड्डा ठेवला तर बाहेरच्या पाकळ्या मऊ पडायच्या आत चामट होतात आणि त्यांची टोकं करपून कडू होतात. शिवाय लसणाची सुटी सालं हलकी. ती उडून वरच्या तारेला चिकटतात आणि जळतात. म्हणून बाहेरची सुटी सालं काढून टाकायची, आतली घट्ट सालं तशीच ठेवायची, वर चमचाभर फल्लीचं तेल घालायचं आणि गड्डा ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये नीट मिटून ठेवायचा. फॉइलची टोकं आत दुमडायची, नाहीतर तीही वाऱ्यावर फडफडते. आता वारा फक्त फॉइलला तापवतो. आत लसणाचं स्वतःचं पाणी वाफ होऊन कोंडतं आणि लसूण स्वतःच्याच वाफेत शिजतो.

लसणात पाणी पुष्कळ असतं, शंभर ग्रॅममध्ये साठाच्या जवळपास. जोवर हे पाणी आहे तोवर पाकळीचा गाभा पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या वर जात नाही. यंत्रावर 180 लिहिलेलं असो की 200. रायपूर समुद्रसपाटीपासून सुमारे 300 मीटर उंच आहे, म्हणजे इथे पाणी 99 अंशांच्या आसपास उकळतं. बाहेर 180 आणि आत 99, मधे एक ओलसर पाकळी. भाजण्याची सगळी कला या दोन आकड्यांमधल्या जागेत आहे.

आणि ही जागा ओळखणारे लोक फॉइलची वाट बघत बसले नव्हते. छत्तीसगडमध्ये अंगाकर भाजतात: तांदळाच्या पिठात शिळा भात मळून जाड भाकर थापायची, पळसाच्या किंवा केळीच्या पानात गुंडाळायची आणि शेण्यांच्या निखाऱ्यात ठेवायची. पान बाहेरून करपतं, आतली वाफ कोंडून राहते. विदर्भातले पानगे याच जातीचे. आमच्या मराठी घरांत भरताच्या वांग्याला चिरा देऊन त्यांत लसणाच्या पाकळ्या खुपसतात आणि मग ते आगीवर धरतात. तिथे वांगंच पानाचं काम करतं. वरची साल कोळसा होते आणि आत पाकळी वांग्याच्या पाण्यात, शंभर अंशांच्या आत, निवांत शिजत राहते. भरतात मधेच लागणारी ती मऊ, गोडसर पाकळी म्हणजे भाजलेला लसूणच. रायपूर 1956 पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होतं, त्याआधी भोसल्यांच्या राज्यात. त्या ओघात इकडे येऊन तात्यापारा आणि आसपासच्या वस्त्यांत स्थिरावलेल्या मराठी घरांनी भरीत सोबत आणलं आणि इथली पताल चटणी, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेल्या टमाट्याची, लसूण-मिरची घातलेली चटणी, आपली केली. थंडीत गोरसी, म्हणजे मातीची शेगडी, पेटवली की तिच्या राखेत एखादा गड्डा सरकवून द्यायला कुणाला यंत्र लागत नव्हतं. फ्लॅटमध्ये गोरसी पेटवता येत नाही, एवढंच.

आता गोडव्याकडे येतो, कारण मला सगळ्यात जास्त थक्क करणारा भाग तो आहे.

बटाटा, रताळं, सुरण, सगळे आपला साठा पिष्टाच्या रूपात ठेवतात. लसूण तसं करत नाही. त्याच्या पाकळीत पिष्ट जवळजवळ नसतंच. शंभर ग्रॅम लसणात सुमारे 33 ग्रॅम कर्बोदकं असतात, म्हणजे बटाट्यापेक्षा दुपटीच्या आसपास. पण त्यांत जिभेला कळेल अशी सुटी साखर जेमतेम एक ग्रॅम. बाकीचा मोठा भाग फ्रुक्टान. हीसुद्धा साखरच, फळांतली फ्रुक्टोज साखर, पण एकापुढे एक जोडून लांब साखळ्या केलेली. साखळी मोठी असली की ती जिभेवरच्या गोडाच्या ग्राहकात बसत नाही. एवढी साखर तोंडात असूनही जिभेला पत्ता लागत नाही!

हा साठा आपल्यासाठी नाहीच. शेतातल्या लसणाला सहसा बी धरत नाही. पाकळी लावायची आणि तिच्यातूनच पुढचा गड्डा उठवायचा. मंदसौर-नीमचकडच्या शेतकऱ्याने ऑक्टोबर-नोव्हेंबरात मातीत टोचलेली पाकळी ही मागच्या गड्ड्याचीच पुढची आवृत्ती, आणि तो गड्डा त्याच्या मागच्याचा. हिवाळ्यात कोंब वर येईपर्यंत, पान उन्हात स्वतःचं अन्न करू लागेपर्यंत, तिला जगवणारी शिदोरी म्हणजे हे फ्रुक्टान. कोंब फुटायची वेळ आली की पाकळी स्वतःच साखळ्या तोडते. भाजताना त्यातल्या काही साखळ्या आपण उष्णतेने तोडतो. सुटलेली फ्रुक्टोज ही नेहमीच्या साखरेहूनही गोड. त्यात झणका गेलेला, म्हणजे आधीपासून असलेला थोडासा गोडवाही आता झाकला जात नाही. पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारं पेक्टिन विरघळतं आणि कडक पाकळी लगदा होते.

शेवटची पाच-सात मिनिटं फॉइल उघडून ठेवली तर तिसरी गोष्ट सुरू होते. पृष्ठभागावरचं पाणी उडालं की तिथलं तापमान 99 ची वेस ओलांडतं. आता साखर आणि अमिनो आम्लं एकमेकांशी वेगाने जुळू लागतात आणि तपकिरी रंगाचे, खमंग वासाचे शेकडो पदार्थ तयार होतात. फ्रेंच वैज्ञानिक लुई-कामीय मायार याने 1912 मध्ये या अभिक्रियेचं वर्णन केलं. भाकरीचे पोपडे, भाजलेले शेंगदाणे, कॉफी, सगळा खमंगपणा तिचाच. लसणात गंधकाची संयुगंही त्यात मिसळतात, म्हणून त्याचा खमंगपणा थोडा मांसल लागतो. हीच अभिक्रिया कमी उष्णतेतही होते, फक्त फार सावकाश: साठ ते नव्वद अंशांत, दमट पेटीत, गड्डे कित्येक आठवडे ठेवले की पाकळी गाभ्यापर्यंत काळी, चिकट, खजुरासारखी होते. कोरियातला काळा लसूण तो हाच. एअर फ्रायरला ते जमणार नाही. त्याची घाई त्याच्या रचनेतच आहे.

भाजलेला लसूण चमच्याने खाता येतो, तेव्हा त्याला मसाला म्हणायचं की भाजी? हा वाद खरोखर कोर्टात गेला होता, अर्थात वेगळ्या कारणाने. मध्य प्रदेशात लसूण भाजीच्या मंडीत विकायचा की मसाल्याच्या, यावर 2015 पासून खटपट चालली, आणि 2024 मध्ये उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने लसूण नाशवंत आहे म्हणून तो भाजी, असा निकाल दिला. न्यायमूर्तींनी मंडीच्या कायद्याकडे पाहून सांगितलं. पण गड्डा भाजून पाहणाऱ्यालाही तेच म्हणावंसं वाटेल.

एक गोष्ट मात्र अगदी कळकळीने सांगायची आहे. भाजलेल्या पाकळ्या बरणीत घालून वर तेल ओतायचं आणि ती ओट्यावर ठेवायची, असं करू नका. मातीतून येणाऱ्या लसणावर क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू असू शकतात. ते मारायला दाबाखाली 121 अंश लागतात, आणि आपली पाकळी आतून 99 च्या वर गेलेलीच नसते. तेलाखाली हवा नाही, लसणात आंबटपणा नाही, रायपूरची ऊब आहे: त्या बीजाणूंना याहून चांगली जागा मिळणार नाही. तयार होणाऱ्या विषाला वास नसतो, चव नसते. 1985 साली कॅनडात व्हँकूव्हरच्या एका हॉटेलात तेलातल्या, फ्रिजबाहेर ठेवलेल्या चिरलेल्या लसणामुळे 36 जण आजारी पडले होते. पाकळ्या फ्रिजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवाव्यात, जास्त झाल्या तर गोठवाव्यात. आजीच्या लसणाच्या लोणच्याला ही भीती नाही, कारण त्यात लिंबाचा रस आणि मीठ भरपूर असतं आणि आंबटात हा जंतू वाढत नाही.

आज करून पाहायचं तर असं करा. एक मध्यम गड्डा 180 अंशांवर फॉइलमध्ये पंधरा-अठरा मिनिटं, मग फॉइल उघडून पाच-सात मिनिटं. सुरी सहज आत गेली की झाला. गेली नाही तर आणखी थोडा वेळ द्या, गड्ड्यांचे आकार सारखे नसतात. तोवर दोन टमाटे आणि दोन हिरव्या मिरच्या आचेवर भाजून घ्या. चटणी वाटताना भाजलेल्या चार पाकळ्या घाला, आणि सोबत एक कच्ची, चेचून दहा मिनिटं ठेवलेली. कच्ची जिभेला बोचते, भाजलेल्या चार ती बोच सांभाळून घेतात. भाकरीशी छान लागते, पण उन्हाळ्यात थंड बोरे-बासीबरोबर, म्हणजे पाण्यात भिजवलेल्या शिळ्या भाताबरोबर, त्याहून छान.